मतदारसंघाची रेघ कोणाच्या हातीं?

वऱ्हाडांत शहानूर नदीच्या कांठीं अंजनगांव सुर्जी हें गांव आहे. पानमळ्यांसाठीं आणि पानपिंपरीसाठीं तें त्या भागांत प्रसिद्ध आहे. परंतु हिंदुस्थानच्या इतिहासांत त्याचें नांव नोंदलें गेलें तें एका तहामुळें. ३० डिसेंबर १८०३ या दिवशीं दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यांत येथें तह झाला. इंग्रजांच्या बाजूनें तो करणारा सेनापति आर्थर वेलस्ली हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगास माहीत झाला. त्या आधींच्या सुमारें तीन महिन्यांत असई, अडगांव आणि गाविलगड अशा तीन ठिकाणीं मराठ्यांचा पराभव झाला होता. तेरा दिवस आधीं, १७ डिसेंबरला, नागपूरकर रघूजी भोसले दुसरे यांच्याशीं देवगांव येथें वेगळा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला होता. गाविलगड व नरनाळा हे दोन किल्ले आणि त्यांच्या जवळचे थोडे परगणे तेवढे भोसल्यांकडे राहिले. बाकीचें वऱ्हाड निजामाच्या वांट्यास आलें.

या तहांनीं वर्धा नदी ही सरहद्द झाली. कालपर्यंत जिच्या दोन्ही तीरांवर एकच बोली, एकच पीक आणि सोयरिकींचे एकच जाळें होतें, तिच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरें झालें. ज्यांच्या शेतांवरून ही रेघ गेली त्यांना कोणी विचारलें नाहीं. विचारण्याची त्या काळीं रीतच नव्हती. पुढें १८५३ मध्यें निजामानें फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाडचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला. १९०२ मध्यें लॉर्ड कर्झन यांनीं सालीना २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्यानें घेतला. आणि १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. शंभर वर्षांत या प्रदेशाचे धनी अशा रीतीनें कागदावर बदलत गेले.

राजेरजवाड्यांच्या काळांत सरहद्दीची रेघ मुलूख वांटीत असे. लोकशाहीच्या काळांत तशीच एक दुसरी रेघ निघाली. ती मुलुखाऐवजीं मतें वांटते. तिला मतदारसंघाची सीमा म्हणतात. पहिल्या रेघेसाठीं लढाया झाल्या, म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. दुसरी कचेरींतल्या मेजावर आखली जाते, म्हणून तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु कोणाचें सरकार यावें, कोणत्या वस्तीचा आवाज सभागृहांत पोंचावा आणि कोणता वाटेंतच विरावा, हें कित्येकदां त्या रेघेनेंच ठरतें. ही रेघ मुद्दाम वांकडी ओढण्याच्या विद्येला इंग्रजींत एक विचित्र नांव पडलें आहे. त्या नांवाची कथा अशी.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत १८१२ सालीं एल्ब्रिज गेरी हे गव्हर्नर होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीं ते एक. त्यांच्या पक्षाचें विधिमंडळांत बहुमत होतें. त्या बहुमतानें राज्याच्या सेनेटचे मतदारसंघ नव्यानें आखले आणि फेब्रुवारींत गेरी यांनीं त्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यांतील एक मतदारसंघ तर इतका वांकडातिकडा झाला, कीं मार्च महिन्यांत बोस्टनच्या एका वृत्तपत्रानें त्याला पंख, नख्या आणि चोंच लावून त्याचें व्यंगचित्र छापलें. सरड्यासारख्या दिसणाऱ्या सॅलॅमँडर नांवाच्या प्राण्याशीं गेरी यांचें नांव जोडून ‘गेरीमँडर’ हा शब्द तयार झाला, आणि असल्या आखणीला गेरीमँडरिंग म्हणूं लागले. त्या वर्षींच्या निवडणुकींत विरुद्ध पक्षाला, म्हणजे फेडरलिस्टांना, ५१,७६६ मतें पडलीं. गेरींच्या पक्षाला ५०,१६४. परंतु सेनेटच्या ४० जागांपैकीं २९ जागा गेरींच्या पक्षाला मिळाल्या आणि ज्यांना जास्त मतें पडलीं त्यांना ११ मिळाल्या.

या हकीकतींत एक बोधप्रद गोष्ट आहे. त्याच वर्षीं गव्हर्नरपदाच्या निवडणुकींत गेरी स्वतः हरले. कारण गव्हर्नरची निवड सबंध राज्याच्या एकत्र मतांनीं होते. तेथें मधें रेघाच नसतात. मतदार तेच, वर्ष तेंच. जेथें रेघा होत्या तेथें गेरींचा पक्ष जिंकला आणि जेथें रेघा नव्हत्या तेथें गेरी हरले. रेघेचें सामर्थ्य यापरतें स्पष्ट कशानें दिसणार?

हें घडतें कसें, तें साध्या अंकगणितानें समजतें. समजा, एका तालुक्यांत १०० मतदार आहेत. त्यांतील ६० एका पक्षाचे व ४० दुसऱ्या पक्षाचे. प्रत्येकीं २० मतदारांचे पांच मतदारसंघ करावयाचे आहेत. रास्त आखणी झाली तर पहिल्याला तीन व दुसऱ्याला दोन जागा मिळाव्या. आतां आखणाराच्या मनांत पहिल्या पक्षाचें भलें करावयाचें असेल, तर तो प्रत्येक मतदारसंघांत पहिल्याचे १२ आणि दुसऱ्याचे ८ मतदार येतील अशा रेघा काढील. पांचहि जागा पहिल्या पक्षाच्या. चाळीस मतदारांचा एकहि प्रतिनिधि नाहीं. याला फोडणें म्हणावें. विरोधकांची वस्ती जेथें दाट असेल तेथून रेघ नेऊन तिचे तुकडे करावयाचे आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्याच्या बहुमतांत बुडवावयाचा, ही ती रीत.

उलट आखणाराला दुसऱ्या पक्षाची कड घ्यावयाची असेल, तर तो पहिल्या पक्षाचे २०-२० मतदार दोन मतदारसंघांत कोंडून टाकील. तेथें पहिला पक्ष शेंकडा शंभर मतांनीं जिंकेल आणि त्याचे ४० मतदार तेथेंच संपतील. उरलेल्या तीन मतदारसंघांत त्याचे २० आणि दुसऱ्याचे ४० राहतील; ते ७ विरुद्ध १३, ७ विरुद्ध १३ आणि ६ विरुद्ध १४ असे वांटले, म्हणजे तिन्ही जागा दुसऱ्या पक्षाच्या. चाळीस मतांचा पक्ष तीन जागा जिंकतो आणि साठ मतांचा पक्ष दोन जागांवर समाधान मानतो. याला कोंडणें म्हणावें. या साऱ्या व्यवहारांत कोणी मतपेटी फोडलेली नाहीं, खोटें मत दिलेलें नाहीं, मतदाराला दमहि दिलेला नाहीं. प्रत्येक मत बिनचूक मोजलें गेलें आहे. म्हणूनच हा अन्याय ओळखण्यास अवघड असतो.

अशा आखणीचे हेतु साधारणपणें चार दिसतात. आपल्या पक्षाच्या जागा वाढविणें हा पहिला. सध्यां निवडून आलेल्या सभासदाची जागा त्याला पुढेंहि निर्धास्त करून देणें हा दुसरा; आणि यांत कित्येकदां दोन्ही पक्ष एकमेकांस सांभाळून घेतात. एखाद्या जातीच्या, धर्माच्या किंवा वर्णाच्या लोकांचें मतबळ पांगवून निरुपयोगी करणें हा तिसरा. चौथा हेतु याच्या अगदीं उलट आहे: जो समाज सर्वत्र अल्पसंख्य असल्यामुळें कोठेंच निवडून येऊं शकत नाहीं, त्याला निदान कांहीं जागा मिळाव्या अशी योजना करणें. पहिले तीन हेतु उघड बोलले जात नाहींत. चौथा उघड बोलला जातो. आणि हिंदुस्थानांतील, विशेषतः वऱ्हाडांतील, मतदारसंघांचा इतिहास त्याच्याशींच अधिक जोडलेला आहे.

वऱ्हाडांतील मतदाराची स्थिति प्रारंभीं मोठी चमत्कारिक होती. १९१९ च्या सुधारणांप्रमाणें मध्यप्रांताचें कायदे कौन्सिल विस्तारलें, तेव्हां वऱ्हाडांतहि निवडणुका झाल्या. परंतु कायद्याच्या दृष्टीनें वऱ्हाड हा निजामाचा मुलूख होता, ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. म्हणून येथील मतदारांनीं ज्याला निवडून द्यावें त्याला गव्हर्नरनें मागाहून नेमावें, आणि मग त्यानें कौन्सिलांत बसावें, अशी व्यवस्था होती. मत वऱ्हाडी माणसाचें. त्यावर शिक्का मात्र नेमणुकीचा. १८०३ मध्यें आखलेली रेघ सव्वाशें वर्षांनंतरहि मतपत्रिकेपर्यंत पोंचली होती.

याहून महत्त्वाची गोष्ट स्वतंत्र मतदारसंघांची. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनीं मुसलमानांसाठीं वेगळे मतदारसंघ निर्माण केले. १९१६ मध्यें लखनौ येथें काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यांत जो करार झाला त्यानें प्रत्येक प्रांतांतील मुसलमानांच्या जागांचें प्रमाण ठरविलें; मध्यप्रांतासाठीं तें शेंकडा १५ होतें. त्या प्रांतांत मुसलमानांची वस्ती शेंकडा पांचाहून कमी होती. १९३५ च्या कायद्याप्रमाणें मध्यप्रांत व वऱ्हाडच्या असेंब्लींत ११२ जागा ठेवल्या गेल्या. त्यांपैकीं ८४ सर्वसाधारण व त्यांतच २० अस्पृश्य वर्गांसाठीं राखीव, १४ मुसलमानांच्या, आणि बाकीच्या व्यापारी, जमीनदार, मजूर, स्त्रिया, विश्वविद्यालय, युरोपियन, अँग्लोइंडियन व मागास मुलूख यांच्या.

येथें रेघ नकाशावर न ओढतां माणसांमधून ओढली होती. एकाच आळींतले, एकाच विहिरीवर पाणी भरणारे दोन शेजारी दोन वेगळ्या मतदारसंघांत असत. उमेदवाराला फक्त आपल्या यादींतल्या लोकांपुढें जावें लागे. दुसऱ्या यादींतील लोकांचें मन वळविण्याची त्याला गरजच नसे. अल्पसंख्यांना प्रतिनिधि मिळावा हा हेतु रास्तच होता. परंतु ज्या साधनानें तो साधला त्या साधनानें प्रतिनिधि आणि शेजारी यांच्यामध्यें भिंत उभी केली. हेतु चांगला असला तरी रेघेचा परिणाम वेगळा तपासावा लागतो, हा धडा या काळानें दिला.

अस्पृश्य वर्गांच्या बाबतींत हाच प्रश्न १९३२ मध्यें उभा राहिला. १६ ऑगस्टच्या जातीय निवाड्यानें त्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर रोजीं पुणें करार झाला. त्यानें मतदारसंघ संयुक्त केले, पण प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ केल्या. राखीव जागेसाठीं प्रथम त्या वर्गाच्या मतदारांनीं चार उमेदवार निवडावे आणि मग सर्वांनीं मिळून त्यांतून एकाची निवड करावी, असें ठरलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना संयुक्त मतदारसंघांतील धोका पुरता ठाऊक होता. राखीव जागेवर माणूस त्या समाजाचा निवडून येईल, परंतु तो निवडणारीं मतें बहुसंख्यांचीं असतील. मग तो बोलणार कोणासाठीं?

या धोक्यावर तोड म्हणून मुंबई इलाख्यांत एक पद्धत होती. मतदारसंघ अनेक जागांचा असावा, मतदाराला जितक्या जागा तितकीं मतें असावीं आणि हवीं तर तीं सारीं एकाच उमेदवाराला देतां यावीं. अल्पसंख्य समाजानें आपलीं मतें एका माणसामागें एकवटलीं, तर बहुसंख्यांना तो पाडतां येत नाहीं. १९३७ च्या निवडणुकींत मुंबई इलाख्यांत ही पद्धत होती, आणि आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानें तेथें भरघोस यश मिळविलें. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत दोन जागांचे मतदारसंघ राहिले; परंतु मतदाराला दोन्ही मतें एकाच उमेदवाराला देण्यास मनाई झाली. त्या निवडणुकींत उत्तर मुंबईंतून उभे राहिलेले आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले. १९५४ मध्यें भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकींतहि त्यांना यश आलें नाहीं. पराभवास पक्षीय राजकारणाचीं इतरहि कारणें होतीं. परंतु मत देण्याची रीत बदलली कीं मताचें वजन बदलतें, एवढें त्यांतून दिसतें. १९६१ च्या कायद्यानें दोन जागांचे मतदारसंघ रद्द झाले व एक मतदारसंघ, एक प्रतिनिधि ही आजची पद्धत रूढ झाली.

आतां स्वतंत्र भारतानें या रेघेवर कोणता पहारा बसविला तें पाहूं. घटनाकारांनीं एक गोष्ट दूरदृष्टीनें केली. अमेरिकेंतील कित्येक राज्यांत मतदारसंघ आखण्याचें काम त्याच विधिमंडळाकडे असतें, ज्याच्या सभासदांना त्या मतदारसंघांतून पुढें निवडून यावयाचें असतें. भारतांत संसद कायदा करते, परंतु प्रत्यक्ष रेघ सीमांकन आयोग ओढतो. असे आयोग १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ मध्यें नेमले गेले. आयोग आपला मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवितो, उघड बैठका घेतो आणि मग अंतिम आदेश काढतो. कांहीं आमदार व खासदार सहयोगी सभासद म्हणून त्याच्याबरोबर बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. घटनेच्या ३२९ व्या कलमानें या आखणीच्या कायद्याला न्यायालयांत आव्हान देण्यास मज्जाव केला आहे; नाहीं तर प्रत्येक निवडणूक दाव्यांतच अडकली असती.

यांत राखीव जागांसाठींहि नियम आहेत. अनुसूचित जमातींच्या जागा जेथें त्यांच्या वस्तीचें प्रमाण सर्वांत अधिक असेल तेथें ठेवाव्या. अनुसूचित जातींच्या जागा जेथें प्रमाण तुलनेनें अधिक असेल अशा ठिकाणीं, पण राज्यांत विखरून ठेवाव्या. म्हणून मेळघाट हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठीं राखीव आहे. अंजनगांव सुर्जी ज्या दर्यापूर मतदारसंघांत येतें तो २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठीं राखीव आहे. लोकसभेच्या बाबतींत पूर्वीं बुलढाणा मतदारसंघ राखीव होता. त्या आखणीनें तो खुला झाला आणि अमरावती राखीव झाला. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची राखीव जागा निवडणुकीगणिक फिरते. विधानसभेची तशी फिरत नाहीं. पुढची आखणी होईपर्यंत ती तेथेंच राहते. त्यामुळें एका बाजूला राखीव मतदारसंघांतील नेतृत्वाला मूळ धरण्यास वेळ मिळतो, आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या खुल्या मतदारसंघांतील अनुसूचित जातींच्या मतदाराला उमेदवारीची संधि क्वचितच लाभते. रेघेचा फायदा एकाला आणि झळ त्याच समाजाच्या दुसऱ्याला, असें येथेंहि होतें.

२००१ च्या शिरगणतीवर आधारलेली ही आखणी न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या आयोगानें केली व ती २००८ मध्यें अंमलांत आली. तिनें विदर्भाच्या विधानसभेंतील जागा ६६ वरून ६२ झाल्या आणि लोकसभेच्या ११ वरून १०. अमरावती जिल्ह्यांत वलगांव आणि चांदूर हे जुने मतदारसंघ नाहींसे झाले. त्याच वेळीं एकट्या ठाणें जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. महाराष्ट्र विधानसभेच्या एकूण जागा २८८ कायम होत्या. त्यामुळें मुंबईच्या आसपास वाढलेल्या माणसांना ज्या जागा मिळाल्या त्या कोठून तरी कमी होणें प्राप्त होतें.

याला गेरीमँडरिंग म्हणावें काय? नाहीं. गेरीमँडरिंगमध्यें प्रत्येक मतदारसंघांतील मतदारांची संख्या सारखी ठेवूनहि रेघेच्या वळणानें निकाल फिरविला जातो. येथें रेघ फिरली ती संख्या सारखी करण्यासाठीं. प्रत्येकाच्या मताचें मोल सारखें असावें हें लोकशाहीचें पहिलें सूत्र आहे, आणि ठाण्याच्या मतदाराचें मत अमरावतीच्या मतदाराहून हलकें कां असावें, या प्रश्नाला उत्तर नाहीं. परंतु वऱ्हाडच्या माणसाला या आंकड्यांत आणखी कांहीं दिसतें. १९५५ मध्यें फाजल अली आयोगानें विदर्भाचें वेगळें राज्य करावें अशी शिफारस केली होती. लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी हे त्या मागणीचे पुरस्कर्ते. १९५३ च्या नागपूर कराराचीं आश्वासनें घेऊन विदर्भ पुढें महाराष्ट्रांत आला. ज्यांचा कापूस, ज्यांचें पाणी आणि ज्यांच्या आत्महत्या यांची चर्चा सभागृहांत व्हावयाची, त्यांच्या बाजूनें हात वर करणारे चार जण कमी झाले, ही खंत खोटी नाहीं. शिवाय, विरळ वस्तीच्या प्रदेशांत मतदारसंघ पसरतो. मेळघाटच्या डोंगरांतील आमदाराला जितकीं गांवें तुडवावीं लागतात तितकीं शहरांतल्या आमदाराला चार गल्ल्यांत भेटतात. समान संख्या म्हणजे समान सेवा, असें गृहीत धरतां येत नाहीं.

हाच तंटा देशाच्या पातळीवर मोठा आहे. कुटुंबनियोजन केलेल्या राज्यांच्या जागा कमी होऊं नयेत म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें राज्यांना मिळणाऱ्या लोकसभेच्या जागांचा आंकडा १९७१ च्या शिरगणतीवर गोठविला. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनें ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत वाढविली. ज्या प्रश्नानें विदर्भाच्या चार जागा गेल्या, तोच प्रश्न तेव्हांपासून दक्षिणेंतील राज्यांपुढें उभा आहे.

मग महाराष्ट्रांत मुद्दाम रेघ ओढण्याचा खेळ कोठें दिसतो? विधानसभेपेक्षां तो खालच्या पायरीवर, म्हणजे नगरपालिका व महापालिका यांच्या प्रभागरचनेंत अधिक दिसतो. येथें एका प्रभागांतून किती सभासद निवडावे हेंच दर कांहीं वर्षांनीं बदलत आलें आहे. पुणें महापालिकेचें उदाहरण घ्यावें. २००२ मध्यें तीन सभासदांचे प्रभाग, २००७ मध्यें एकाचे, २०१२ मध्यें दोघांचे आणि २०१७ मध्यें चौघांचे. २०१९ च्या अखेरीस आलेल्या सरकारनें पुन्हां एकसदस्यीय प्रभाग ठरविले. त्याच सरकारनें २०२१ मध्यें मुंबईखेरीज इतर महापालिकांसाठीं ते तिघांचे केले. मुंबईचे २२७ प्रभाग त्याच सुमारास २३६ करण्याचें ठरलें, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें नव्या सरकारनें ते पुन्हां २२७ वर आणले. मधल्या काळांत, मार्च २०२२ मध्यें, प्रभाग आखण्याचा अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारनें कायद्यानें स्वतःकडे घेतला.

प्रत्येक बदलाला कारण सांगितलें गेलें: कधीं विकासाचें, कधीं लोकसंख्येचें, कधीं इतर मागासवर्गांच्या आरक्षणाचें. त्यांत तथ्यहि असेल. परंतु परिणाम सरळ आहेत. प्रभाग एकाचा असला, कीं लहान वस्तींत वावरणारा, ओळखीवर निवडून येणारा अपक्ष टिकतो. तो चौघांचा झाला, कीं मतदार चौपट, खर्च चौपट, आणि चार जणांचें पूर्ण मंडळ उभें करूं शकणाऱ्या मोठ्या पक्षाचें पारडें जड होतें. गेरींच्या काळीं नकाशा वांकवावा लागला. येथें नकाशा सरळ ठेवून केवळ आंकडा बदलला तरी तेंच साधतें. मतदाराचें आणखी एक नुकसान आहे. नळाला पाणी नाहीं म्हणून त्यानें जावें कोणाकडे? चौघांपैकीं प्रत्येकजण दुसऱ्या तिघांकडे बोट दाखवितो.

याचा शेवट फार मासलेवाईक झाला. आरक्षणाचे दावे आणि प्रभागरचनेचे वाद यांत निवडणुकाच लांबल्या. महापालिका, जिल्हा परिषदा आणि नगरपालिका यांचा कारभार कित्येक ठिकाणीं वर्षानुवर्षें सरकारनें नेमलेल्या प्रशासकांच्या हातीं राहिला. अखेर मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका घेण्याचा आदेश दिला. रेघ कशी ओढावी या भांडणांत मतदाराचा मत देण्याचा दिवसच पुढें ढकलला गेला. वांकड्या रेघेनें मत हलकें होतें. न ठरलेल्या रेघेनें तें मुळीं पेटींतच पडत नाहीं.

न्यायालयें हा रोग बरा करतील काय? अमेरिकेचा अनुभव संमिश्र आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९६२ व १९६४ च्या निकालांनीं मतदारसंघांतील लोकसंख्या सारखी असावी हें तत्त्व पक्कें केलें. परंतु पक्षाच्या फायद्यासाठीं ओढलेल्या रेघा तपासण्याचें काम संघराज्याच्या न्यायालयांचें नव्हे, असें त्यानेंच २०१९ मध्यें ठरविलें. इंग्लंडांत १८३२ पूर्वीं ओल्ड सॅरम नांवाच्या, वस्ती उरली नसलेल्या ठिकाणाहून पार्लमेंटमध्यें दोन सभासद जात. तें न्यायालयानें नव्हे, तर लोकांच्या चळवळीनें व कायद्यानें बंद झालें. जेथें सुधारणा टिकली तेथें रेघ आखणारा आणि त्या रेघेच्या आंत निवडणूक लढविणारा हे दोघे वेगळे ठेवण्याची व्यवस्था झाली.

यावरून कसोट्या तीन निघतात. रेघ ओढणाराला तिच्यापासून कांहीं लाभ होणार आहे काय, ही पहिली. संख्येची समानता राखून गांव, तालुका, नदी, डोंगर व दळणवळण यांचा विचार झाला आहे कीं एखादी वस्ती विनाकारण दुभागली आहे, ही दुसरी. आणि नियम निवडणुकीच्या तोंडावर बदलला कीं पुरेसा आधीं, ही तिसरी. सीमांकन आयोगाची आखणी पहिल्या कसोटीस बव्हंशीं उतरते. प्रभागरचना पहिल्या व तिसऱ्या कसोटीवर वारंवार अडखळली आहे.

या कसोट्या लावण्याचें काम पंडितांवर सोडून भागणार नाहीं. आखणीचा मसुदा प्रसिद्ध होतो. तो कचेरीच्या फलकावर लागतो. हरकतींसाठीं ठराविक दिवस असतात. त्या दिवसांत उमेदवारीची इच्छा धरणारे लोक धांवत येतात आणि ज्याच्या मताचा हा सारा हिशेब आहे तो गृहस्थ घरीं बसतो. आपली आळी कोणत्या प्रभागांत गेली हें त्याला मतदानाच्या दिवशीं केंद्र शोधतांना समजतें. १८०३ च्या तहांत वऱ्हाडच्या कुणब्याला कोणी विचारलें नाहीं. त्याला हरकत घेण्याची सोयच नव्हती. आज ती सोय आहे, तिची मुदत थोडी आहे, आणि ती मुदत संपण्यापूर्वीं नकाशापुढें उभें राहून आपल्या घरावरून रेघ कोणीकडे गेली तें पाहणें हेंहि मत देण्याइतकेंच नागरिकाचें कर्तव्य आहे.